पाणी नीट पितात

आमच्या हॉस्पिटलात परदेशातून कुणी सेवा करायला आलं, की पहिले आठ दिवस त्या माणसाचीच सेवा करायला एक सिस्टर मोकळी ठेवावी लागे. ती सिस्टर म्हणजे मी. नोकरीची शेवटची दहा-बारा वर्षं हे काम माझ्या गळ्यात पडलं होतं. माझं इंग्रजी बाकीच्यांपेक्षा जरा धीट, हे एक कारण, आणि दुसरं आमच्या मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं, की "तुम्हीही बाहेरूनच आलात की, तुम्हाला कळेल त्यांचं."

तेवढं मात्र खरं होतं. मी मिरजेची. नर्सिंग तिकडेच केलं आणि लग्न होऊन तंजावूरला आले. "त्यांच्या घरी मराठीच बोलतात," एवढ्या एका गोष्टीवर माझे वडील निर्धास्त झाले होते. पहिल्याच दिवशी नणंद म्हणाली, "मन्नी, तो सोंबु घेऊन ये की." मन्नी म्हणजे वहिनी, म्हणजे मीच, हे कळायला थोडा वेळ गेला, सोंबु म्हणजे तांब्या हे कळेपर्यंत मी स्वयंपाकघरातली निम्मी भांडी तिच्यापुढे नेऊन ठेवली होती. त्यामुळे एखादी गोरी मुलगी बेडपॅन आण म्हटल्यावर जेवणाचं ताट घेऊन धावत आली, तर मी तिच्यावर ओरडत नसे. निदान पहिल्या वेळी तरी नाही.

आमचं हॉस्पिटल तिरुवैयारूच्या रस्त्यावर. धर्मादाय, लहानसं, पण आजूबाजूच्या गावांतून, थेट पापनाशमपासून माणसं येतात. हे स्वयंसेवक स्वतःच्या खर्चाने तिकीट काढून येत, मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत राहत, आणि सहा आठवडे झाले की निघून जात. त्यांना इंजेक्शन देता येत नाही, औषधाला हात लावता येत नाही. रुग्णांना चालवणं, भरवणं, व्यायाम करून घेणं, एवढंच. तेही भाषा येत नसताना. उत्साह मात्र ओसंडून वाहत असतो.

एक हॉलंडचा आला होता, दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतका उंच. मधुमेहाच्या जखमेचं ड्रेसिंग पाहायचंच म्हणाला आणि पट्टी सुटताच आडवा झाला. त्याला उचलायला चौघे लागले, आणि त्याचे पाय मावतील अशी खाट आमच्याकडे नव्हती. शेवटी ज्या आजोबांची जखम होती तेच त्याला पेपरने वारा घालत बसले. दुसरी एक क्लारा नावाची मुलगी. ती तमिळ शिष्टाचार पाठ करून आली होती. इकडे निरोप देताना "पोयिट्टु वांग" म्हणतात, म्हणजे जाऊन या. बरा होऊन घरी निघालेल्या प्रत्येक रुग्णाला ही फाटकापाशी उभी राहून, हात जोडून, अगदी मनापासून सांगायची, जाऊन या! हॉस्पिटलातून निघालेल्या माणसाला असं कुणी म्हणत नाही. इथून जायचं ते मागे वळून न बघता. एक आजीबाई रिक्षातून खाली उतरल्या आणि मिरच्या मागवून त्यांनी नातवाची तिथेच दृष्ट काढली. क्लाराला वाटलं, हा निरोपाचाच पुढचा भाग. तिने त्याचे फोटो काढले.

ही सगळी पोरं गोड होती. पण खरं सांगायचं तर माझं खाजगी मत असं होतं, की त्यांना अनुभव मिळतो, आम्हाला गोष्टी मिळतात आणि रुग्णांना करमणूक. त्यापलीकडे या सेवेचा काही उपयोग नाही. हे मत मी बरीच वर्षं सुखाने बाळगलं. मग मॉरीन आली.

मी नेहमीप्रमाणे वीस-बावीस वर्षांच्या मुलीची वाट पाहत होते. रिक्षातून उतरली ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी बाई. बुटकी, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट. स्कॉटलंडची. चौसष्ट वर्षांची, निवृत्त. दोन बॅगा होत्या, त्यातली एक नुसती पावडरीच्या डब्यांनी भरलेली. मी विचारलं, "नोकरीत काय काम करत होतात?" ती म्हणाली, "मी माणसांना गिळायला शिकवायचे."

मला वाटलं, माझ्या इंग्रजीने दगा दिला. पण नाही, तिचं खरंच तेच काम होतं.

वाचकांनाही माझ्यासारखंच वाटलं असेल, म्हणून सांगते. घशात दोन वाटा असतात, एक अन्नाची आणि एक श्वासाची, दोन्ही अगदी शेजारीशेजारी. आपण घोट घेतला की श्वासाच्या वाटेवर आपोआप झाकण पडतं. अर्धांगाचा झटका आला की हात-पाय लुळे पडतात ते सगळ्यांना दिसतं. हे झाकण आळशी होतं ते कुणाला दिसत नाही. मग प्यायलेलं पाणी छातीत उतरतं. चार दिवसांनी ताप येतो, छाती भरते, आणि म्हातारं माणूस त्यातच जातं. घरचे म्हणतात झटक्याने गेले. पुष्कळदा ते पाण्याने गेलेले असतात. म्हणून अशा रुग्णाच्या नाकातून पोटात नळी घालतात आणि सगळं त्यातून देतात. पुढे नळी काढायची, तर आधी गिळायला पुन्हा शिकवावं लागतं. दाट पदार्थ हळू सरकतो, झाकणाला वेळ मिळतो. पाणी पळतं, म्हणून ते सगळ्यात अवघड. आणि मान मागे टाकली तर श्वासाची वाट सताड उघडी पडते. हनुवटी छातीकडे नेली तर ती झाकली जाते.

हे मला मॉरीनने शिकवलं. आमच्याकडे हे काम करणारं कुणी नव्हतं. नळी केव्हा काढायची ते डॉक्टर ठरवत, आणि नंतर आम्ही सिस्टर रुग्णाला पाणी देऊन पाहत असू आणि कागदावर एक ठरलेलं वाक्य लिहीत असू: पाणी नीट पितात. अठ्ठावीस वर्षांत हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल त्याला गणतीच नाही. सही करावी तसं हात आपोआप लिहायचा.

तिने तमिळचा एकच शब्द शिकून घेतला, "मुळुंगुंग". गिळा. तो ती इतक्या प्रेमाने आणि इतक्या मोठ्याने म्हणे, की आठवड्याच्या आत सारा वॉर्ड तिला मुळुंगम्मा म्हणू लागला.

ती आली तेव्हा पुरुषांच्या वॉर्डात सेतुराव होते. आमच्या इथल्या मराठी लोकांतले नावाजलेले आचारी. सगळे त्यांना सेतु अण्णा म्हणत. तंजावूर-कुंभकोणम पट्ट्यातल्या मराठी घरांत मुंज असो की लग्न, मुहूर्त काढायच्या आधी सेतु अण्णांची तारीख घेत. माझ्या लेकीच्या लग्नातला स्वयंपाकही त्यांचाच. सत्तरी ओलांडलेली. झटक्याने डावी बाजू गेली होती, उजवा हात शाबूत होता, बोलणं जड झालं होतं पण लक्ष दिलं तर कळायचं. सोबत त्यांच्या बायको, अंबूबाई, सावलीसारख्या.

मॉरीन यायच्या आधीच, झटक्याच्या दहाव्या दिवशी, त्यांच्या नाकातली नळी काढली होती आणि मी त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला. अण्णांनी पेला तोंडापासून वीतभर वर धरला, मान मागे टाकली आणि ओठ न लावता वरून धार धरून प्यायले. जसं इकडे प्रत्येक सभ्य माणूस पितो. थोडं खांद्यावर सांडलं, थोडा ठसका लागला, पण झटक्यानंतरही त्यांची रीत सुटली नाही याचं मला कौतुक वाटलं. मी लिहिलं: पाणी नीट पितात. चौथ्या दिवशी ताप, छाती भरलेली, नळी पुन्हा नाकात.

ते निभावलं. पुन्हा नळी निघाली तो मॉरीनचा तिसरा दिवस. मी तिला वॉर्ड दाखवत होते. जेवणाची वेळ होती. अण्णांनी पेला वर धरला, मान मागे टाकली, दोन घोट गेले असतील नसतील, तोच माझ्या शेजारची ही शांत बाई "नो!" म्हणून किंचाळली, धावत गेली आणि तिने त्यांच्या हातातला पेला हिसकावून घेतला.

सगळ्या वॉर्डाच्या माना वळल्या. आजारी माणसाच्या तोंडचं पाणी काढून घेतलं! अंबूबाई रडायलाच लागल्या. "काय मा सिस्टर, पाणी प्यायला सुद्धां सोडीना म्हणून हिला कोण बोलावून आणिलं?" मॉरीनने माझा हात धरून मला व्हरांड्यात नेलं, माझ्या गळ्यावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाली, "आता त्यांच्यासारखं पी." मी प्यायले. "आता मान खाली घालून." प्यायले. तिने एवढंच विचारलं, "इथे सगळेच असं पितात का?"

मी दारातून आत बघितलं. बारा खाटा. गोपुराचा कळस बघायला मान वर करावी तशा माना करून चार-पाच जण पाणी पीत होते. त्यातले दोन झटक्याचे. हे दृश्य मी अठ्ठावीस वर्षं रोज बघत होते. मला ते कधी दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अण्णांना पुन्हा ताप भरला, नळी पुन्हा नाकात गेली. या वेळी मोठे डॉक्टर स्पष्टच बोलले. आता नाकातली नळी काढायची नाही. यांना गिळता येत नसेल तर पोटाला भोक पाडून कायमची नळी बसवू. तिसऱ्यांदा छाती भरली तर वाचणार नाहीत. मॉरीनने मुदत मागितली. ती परत जाईपर्यंत पाच आठवडे होते, तेवढे मिळाले. अण्णांनी हे सगळं ऐकलं, उजवा हात हवेत एकदाच आडवा फिरवला आणि भिंतीकडे तोंड केलं. अंबूबाईंनी सांगितलं, "पोटांत नळी घालून जगायचं नको म्हणतांत. काफी नाही, सार नाही, मग आचाऱ्यानं जगून काय करायचं म्हणून विचारतांत."

त्या संध्याकाळी घरी आमचे हे ताक पीत होते. अर्थातच वरून. मी बघत राहिले, तर म्हणाले, "काय झालं? मिशीला लागलंय का?" मी त्यांना सांगितलं, की मला पापनाशमची कनकम्मा आठवते आहे. बसस्टँडवर गजरे विकायची. झटका आला होता, चांगली सुधारत होती, मी पाणी दिलं, पाणी नीट पितात म्हणून लिहिलं, आणि आठ दिवसांत छाती भरून गेली. त्या वेळी मला हळहळ वाटली होती, पण आपला काही संबंध आहे असं वाटलं नव्हतं. आता वाटलं. फार वाटलं. मी रडले, आणि ह्यांनी ताकाचा पेला बाजूला ठेवला आणि शेजारी येऊन बसले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी अण्णांच्या मागे लागलो. मॉरीनचं म्हणणं सरळ होतं. ताठ बसा, हनुवटी खाली घ्या, पेल्याला ओठ लावून एकच लहान घोट, मग थांबा. अण्णा मानेनेच नाही म्हणाले. आम्ही चमचा आणला. नाही. मॉरीनने स्ट्रॉ आणली. मग तीच म्हणाली, स्ट्रॉने पाणी फार जोरात येतं, नको. एक दिवस ती एकटीच ऑटोने जाऊन भांड्यांच्या दुकानातून नवा कोरा पेला घेऊन आली. त्यावर दुकानदाराकडून त्या गर्रर्र करणाऱ्या यंत्राने सेतुराव असं नाव घालून आणलं होतं. "सांग त्यांना, हा फक्त त्यांचा. दुसरं कुणी पिणार नाही." अण्णांनी नावावरून बोट फिरवलं, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, आणि पेला परत तिच्या हातात दिला.

मॉरीन त्या दिवशी पहिल्यांदा चिडली. "हा माणूस पेल्याला ओठ लावण्यापेक्षा मरण पत्करतो आहे!" मी जाऊन अंबूबाईंना गाठलं.

त्या म्हणाल्या, "तुमचं-आमचं उष्टं वेगळं मा, त्यांचं वेगळं. चाळीस वरुषं चारशें पानांचा स्वयंपाक केला, एकदां सुद्धां चव घेतली नाही. वाफेवर मीठ सांगत होते. माझ्या सख्ख्या भावानं पळीला ओठ लावला म्हणून लग्नाच्या मांडवांतून घालवून दिलं त्याला. तो अजून आमच्याकडे येत नाही."

तेव्हा मला समजलं, की हा हट्ट नव्हता. ती त्यांच्या कामाची शिस्त होती. चारशे लोक ज्याच्या हातचं निर्धास्त खातात, तो माणूस भांड्याला ओठ लावत नाही. मला कुणी सांगितलं असतं, की हात न धुता ड्रेसिंग करा, जीव वाचेल, तर माझाही हात पुढे झाला नसता. मी हे मॉरीनला सांगितलं. तिने तो पेला उचलून कपाटात ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे पेला चुकला." पण पेल्याऐवजी काय, ते तिला सुचेना आणि मलाही.

असे दहा-बारा दिवस गेले. एक दिवस दिवेलागणीला मी ड्यूटी संपवून निघाले होते. जाता जाता पुरुषांच्या वॉर्डात डोकावले. अण्णा उशांना टेकून बसले होते, नाकात नळी, डोळे मिटलेले. संध्या करत होते. पाणी जवळ नव्हतं, तोंडाने काही घ्यायची बंदीच होती. पण उजव्या हाताचा तळवा खोलगट केला होता, तो तोंडाशी नेत होते, मान खाली लववून रिकाम्या तळव्यातून ओठांनी टिपून घेतल्यासारखं करत होते, आणि थांबत होते. एकदा. दोनदा. तीनदा. आचमन.

हनुवटी छातीला टेकलेली. घोट पळीभर. मध्ये थांबायचं. आणि आवाज होऊ द्यायचा नाही, हा तर आचमनाचा नियमच.

मी पर्स तिथेच टाकली आणि मागच्या खोल्यांकडे पळत सुटले. माझ्या वयाला न शोभेल असं. मॉरीन चहा पीत होती. तिला तशीच ओढत आणलं. अण्णांना म्हटलं, "अण्णा, हिला एकदा आचमन करून दाखवा." त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं, पण दाखवलं. मॉरीन खाटेच्या कडेवर बसलीच. म्हणाली, "मी चाळीस वर्षं लोकांना हेच शिकवते आहे. इतकं सुरेख कुणी करून दाखवलं नव्हतं." मग माझ्याकडे वळून, "हे त्यांना कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "मुंजीत. आठ वर्षांचे असताना."

"आणि हे उष्टं नाही?"

मी अण्णांना विचारलं. ते एक एक शब्द ओढत बोलले, "हात... माझाच. नंतर... धुवायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर स्वतः हजर राहिले. अंबूबाईंनी घरून पळी-पंचपात्र आणलं. मॉरीनने आपल्या डब्यातली पावडर पाण्यात घोटून ते थोडं दाट केलं. अण्णांना ताठ बसवलं. ती गळ्यावर बोटं ठेवणार, तेवढ्यात अंबूबाई कुजबुजल्या, "सोवळ्यांत शिवती की ही!" मॉरीनला मी अर्थ सांगितला. ती सरळ नळाशी गेली, कोपरापर्यंत हात धुतले, आणि ओले हात वर धरून अण्णांपुढे परवानगीसाठी उभी राहिली. अण्णांनी मान हलवली. अंबूबाईंनी पळीभर पाणी त्यांच्या तळव्यात घातलं. मान लवली, ओठ टेकले. मॉरीन म्हणाली, "मुळुंगुंग." गळा वर गेला, खाली आला.

"आ म्हणा." ठसक्याआधी आवाज ओलसर होतो, गुळण्या केल्यासारखा. ते ऐकायचं असतं. अण्णांचा आऽ कोरडा, स्वच्छ आला. दुसरी पळी. आऽ. तिसरी. आऽ. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मग सगळा वॉर्डच वाजवायला लागला. मोठे डॉक्टर खिडकीतून बाहेर बघत चष्मा पुसत होते.

नळी लगेच काढली नाही. रोज थोडं थोडं वाढवत नेलं. मऊ भात, पिठलं, मग सार. पाच-सहा दिवसांत अण्णांनी हातानेच खूण करून मोठा प्रश्न विचारला: काफी?

मॉरीनने पावडर घालून कॉफी दाट केली. तंजावूरची डिकॉक्शनची, गाळून काढलेल्या अर्काची कॉफी, आणि तिचा झाला चिकट काढा. अण्णांनी तळव्यातून एक घोट घेतला, आणि झटक्यानंतर प्रथमच त्यांच्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजू हलल्या. इतका तिटकारा मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. "हे... कोण केलं?" त्यांनी विचारलं. मॉरीनने खुशीत हात वर केला.

झालं. त्या दिवसापासून कॉफीची सूत्रं अण्णांनी हातात घेतली. अंबूबाई आमच्या छोट्या पँट्रीत, अण्णा व्हीलचेअरवर दारात, आणि तुटक शब्दांत हुकूम. पावडर नको, आरारूट. तेही आधी गार दुधात. गुठळी नको. मग उकळी. डिकॉक्शन शेवटी, आच काढून. मॉरीन काट्याच्या दातांतून थेंब कसा गळतो ते बघून दाटपणा मोजायची. तिच्या वहीत त्याच्या पायऱ्या होत्या. अण्णा पळी नुसती कलती करायचे आणि म्हणायचे, "पळीवाढं." दोघांचं माप दरवेळी जुळायचं. मॉरीनने वहीत तो शब्द लिहून घेतला आणि मला म्हणाली, तिच्या भाषेत यासाठी इतका नेमका शब्द नाही. हे वाक्य मी अण्णांना दोनदा सांगितलं, कारण दुसऱ्यांदा ऐकायचं होतं त्यांना.

तिच्या जाण्याला चार दिवस असताना नळी निघाली. तीन दिवस आम्ही जीव मुठीत धरून थर्मामीटर लावत होतो. ताप नाही. छाती स्वच्छ. मॉरीन निघायची, त्याच दिवशी अण्णांनाही घरी सोडायचं ठरलं.

त्या सकाळी अण्णांनी आपल्या देखरेखीखाली सगळ्यांसाठी कॉफी करवली, दोन प्रकारची. त्यांची पळीवाढी, बाकीच्यांची नेहमीची, फेसाळ. तोच नाव घातलेला पेला अंबूबाईंनी भरून मॉरीनच्या हातात दिला. मॉरीनला काय वाटलं कोण जाणे. तिने आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, पेला तोंडापासून वीतभर वर धरला, मान मागे टाकली, आणि आमच्या रीतीला मान म्हणून वरून धार सोडली. कॉफी नाकावर, हनुवटीवर, झग्यावर, आणि उरलेली चुकीच्या वाटेने. चाळीस वर्षं जगाला गिळायला शिकवणारी बाई ठसके देत, लालबुंद होऊन, खाटेचा दांडा धरून उभी राहिली. आम्ही हसावं की पाठ चोळावी या विचारात, तर अण्णांनी व्हीलचेअर पुढे घ्यायला लावली. तिचा उजवा हात धरून तळवा वर केला, बोटं वाकवून खोलगट केला. पळीभर कॉफी त्यात ओतली. मग आपली हनुवटी छातीला टेकवून तिला दाखवली, आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मुळुंगुंग."

ती मान खाली घालून प्यायली. मान वर केली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं; ठसक्याचं, असं ती म्हणाली.

अण्णांची रिक्षा फाटकातून बाहेर पडली. अण्णांनी मागे वळून पाहिलं नाही, आणि आमच्यातल्या कुणीही त्यांना जाऊन या म्हटलं नाही. मॉरीनला मात्र आम्ही सगळ्यांनी म्हटलं.

मी वॉर्डात परत आले आणि सेतुरावांचे कागद पुरे करायला बसले. शेवटच्या रकान्यात हात नेहमीप्रमाणे आपोआप चालू लागला. मी तो थांबवला. कनकम्मा आठवली, तिला मनातल्या मनात नमस्कार केला. मग ते वाक्य सावकाश, एकेक अक्षर लावून लिहिलं: पाणी नीट पितात. आणि सही करण्याआधी, एवढ्या नोकरीत पहिल्यांदाच, त्याच्यापुढे दोन शब्द वाढवले.

स्वतः पाहिलं.